उभं लुगडं

अक्कांनी मला कधी माझ्या नावानं हाक मारली नाही. मी त्यांच्याकडे तीन वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्यातली निदान अडीच वर्षं मी त्यांच्यासाठी 'लोखंड' होतो. शेजारच्या खोलीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करणारा पाथर्डीकडचा एक जण राहायचा, तो 'तांबं'. संध्याकाळी आम्ही कामावरून आलो की आतून आवाज यायचा, "लोखंड आलं का? मग तांब्याला म्हणावं, नळाला पाणी आहे तोवर भरून घ्या." गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, ही बाई भंगाराचा धंदा करते.

सत्तर साल सरल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. नगरला औद्योगिक वसाहत नुकती कुठं उभी राहत होती. मी भंडारदऱ्याकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून आलो होतो आणि तिथल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागलो होतो, तोही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. खोली मिळाली ती तोफखान्याच्या मागं, विणकरांच्या गल्लीत. सगळी पद्मशाली घरं. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हातमागांची खटखट. पहिले आठ दिवस मला त्या आवाजानं डोकं धरून बसायला व्हायचं. नंतर सुट्टीला गावी गेलो की तो नाही म्हणून चुकल्यासारखं वाटायचं.

अक्का पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या. वर्षानुवर्षं मागावर आडवा धागा नेणारा धोटा फेकून उजवा खांदा जरा खाली आलेला. माणूस भेटलं की त्या आधी त्याच्या कपड्याला हात लावायच्या. ओळखीचा असो, नसो. सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळायच्या आणि मगच तोंडाकडे बघायच्या. एकदा बसस्टँडवर त्यांनी एका पोलीस हवालदाराची बाही धरली होती. तो कसली तक्रार आहे का म्हणून विचारत राहिला आणि या "ताणा चांगला आहे, बाण्यात चोरी केलीय" एवढं सांगून निघून आल्या. माझे वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांचंही धोतर तपासून झालं. "मिलचं आहे, पण माणूस बरा आहे," असा निकाल त्यांनी माझ्यासमोरच दिला. वडिलांनी गावी जाऊन आईला सांगितलं, की मालकीणबाई चांगली आहे, पोरगा सुखरूप राहील, फक्त ती आधी कपड्याशी बोलते.

त्यांचे यजमान भिवंडीला पॉवरलूमवर कामाला गेले होते. अक्का त्याबद्दल कुणी विचारलं तर "ते यंत्राच्या नादी लागले" एवढंच सांगायच्या, आणि तेही इतक्या पडलेल्या आवाजात, की ही यंत्र नावाची बाई कोण, याची चौकशी मी पहिल्या महिन्यात तांब्याकडे केली होती.

तर त्या वर्षी सुताचा तुटवडा पडला. विणकरांच्या सोसायटीतून प्रत्येक मागाला कार्डावर सूत मिळायचं. अक्कांच्या वाट्याचं सूत आलं ते एका नऊवारीच्या ताण्यापुरतं, म्हणजे फक्त उभ्या धाग्यांचं. तो ताणा त्यांनी मागावर चढवला आणि आडव्या धाग्यांसाठी, बाण्यासाठी, सूतच आलं नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मग सोसायटीचे सेक्रेटरी गल्लीत सांगून गेले, की वरच्या ऑफिसातून इन्स्पेक्टर येणार आहेत, चालू मागांची मोजदाद होणार आहे आणि जो माग बंद दिसेल त्याचं कार्ड रद्द होईल. कार्ड गेलं म्हणजे पुढं सूत आलं तरी ते दुसऱ्याला जाणार. म्हणजे माग कायमचा गेला.

गल्लीनं आपापले उपाय काढले. काही घरांतून रिकामा धोटा इकडून तिकडे फेकायला सुरुवात झाली, आवाज तरी यावा म्हणून. अक्कांना ते पटेना. रिकामा धोटा फेकणं म्हणजे तोंडावर खोटं बोलणं, असं त्यांचं मत. त्या तीन दिवस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या. स्वयंपाक केला, पण जेवल्या की नाही कळलं नाही. आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो तरी मान वर करेनात.

चौथ्या दिवशी तांबं दुकानातून येताना जळलेल्या पंपाच्या मोटारीतून काढलेल्या तारेचं एक भेंडोळं घेऊन आला. कुणी भंगारवाला विचारत होता, त्याला द्यायचं होतं. अक्कांनी सवयीनं हात पुढं केला, तार दोन बोटांत चोळली आणि विचारलं, "हे किती नंबरचं?"

"बावीस," तो म्हणाला.

"सुताला नंबर असतो. याला पण असतो?"

"असतो की. नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक."

अक्कांनी तार बोटाभोवती गुंडाळून पाहिली. "आमचंही तसंच आहे," त्या म्हणाल्या. "बस. धोट्यात घालायची कांडी भरता येते का तुला?"

ज्याचा जन्म तार गुंडाळण्यात चालला होता त्याला कांडी भरता येते का हे विचारणं म्हणजे कमालच. त्यानं चिंचेच्या पाण्यानं तार घासून लाल केली आणि तासाभरात अशा घट्ट, एकसारख्या कांड्या भरल्या, की अक्कांनी त्या हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिल्या. त्या दिवसापासून तो तांबं झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या खटखटीत एक नवाच आवाज मिसळला. आडवा धागा घट्ट बसवायला फणी ठोकली की कुणीतरी थाळी ठेवल्यासारखं छन्न वाजायचं. शेजारणी दारात येऊन बघून गेल्या. कुणी हसलं, कुणी भिवंडीला पत्र टाकायला हवं म्हणालं.

माझी पाळी आली ती काठावरून. अंग तांब्याचं, तर काठ मोरपंखी हवा, हे अक्कांनी ठरवून टाकलं होतं. तीन धोट्यांचं विणकाम त्यांना येत होतं: मधलं अंग एका धाग्याचं, दोन्हीकडचे काठ वेगळ्या धाग्यांचे, आणि जिथं ते भेटतात तिथं एकमेकांत अडकवायचे. पण मोरपंखी तार नगरमध्ये कुठं मिळायची? मी जेवायला बसलो होतो आणि माझ्या पँटच्या मोहरीत कारखान्यातला लोखंडाचा एक कुरळा सोल अडकून आला होता. लेथवर लोखंड फिरत असतं, हत्यार ते सोलत जातं आणि साल कुरळी होऊन खाली पडते. वेग जास्त असला की ती तापून निळी होते. अक्कांनी ती मोहरीतून ओढून काढली आणि कंदिलाच्या उजेडात धरली.

"हे कुणी रंगवलं?"

कुणी नाही, नुसतं तापून होतं, असं मी सांगितलं. तो रंग धुतला तर जातो का, असं त्यांनी विचारलं. मी जात नाही म्हणालो. मग त्यांनी मला नखाएवढं अंतर दाखवून सांगितलं, की एवढ्या रुंदीचं, हातभर लांब, सगळं एका रंगाचं पाहिजे, आणि उद्यापासून आण.

फोरमन हा मोठा कडक माणूस होता, पण सोल भंगारातच जातात म्हणून मूठभर न्यायला त्यानं हरकत घेतली नाही. मी ते जेवणाच्या डब्यातून न्यायचो. गेटवरच्या वॉचमननं पहिल्या दिवशी डबा उघडून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घरी एवढं वाईट जेवण देतात का म्हणून विचारलं.

डबा घरी उघडला की अक्का त्यातले दहापैकी नऊ सोल फेकून द्यायच्या. हे जांभळं झालं. हे निळं आहे, पण मेलेलं आहे. हे मध्येच विरळ कातलंय. मी कातत नाही, टर्निंग करतो, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यात आणखी एक भानगड झाली. सोलाची कड ब्लेडसारखी असते. ती ताण्याचे सुती धागे कापायला लागली आणि अक्कांची बोटंही. बोटांसाठी त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या अंगठ्या कापून घेतल्या. धाग्यांसाठी तांब्यानं उपाय काढला. मोटारीच्या वाइंडिंगवर जे वार्निश ओततात, त्यात तो प्रत्येक सोल बुडवून वाळत घालायचा. कड बोथट झाली, रंगावर चमक आली. आमच्या अंगणात दोरीवर माझे दोन शर्ट आणि शेदोनशे निळे सोल शेजारी शेजारी वाळत असायचे.

हळूहळू माझं लक्ष कारखान्यात भलतीकडेच जायला लागलं. हत्याराखालून सोल कसा येतो हेच मी बघत राहायचो. एका दुपारी इतका सुरेख, लांबलचक, एकरंगी निळा सोल सुटायला लागला, की मी हात हलवला नाही. त्या नादात एका तासात चाळीस बुशी, म्हणजे यंत्रात बसवायच्या आखूड नळ्या, मापापेक्षा बारीक झाल्या. फोरमननं मायक्रोमीटर लावून एकेक बुश बाजूला ठेवली. चाळीसही झाल्यावर त्यानं मला कारण विचारलं. मला खोटं सुचलं नाही. अक्का, काठ, मोरपंखी, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, लेखी मेमो दिला आणि मला लेथवरून काढून ड्रिल मशीनवर टाकलं. प्रोबेशन संपायला दीड महिना होता. मी त्या दिवशी रिकामा डबा घेऊन घरी आलो आणि माझी नोकरी राहते की जाते ते सांगता येत नाही, असं अक्कांना म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, धीर देताहेत. त्या शर्ट चोळून बघत होत्या. "हा टिकेल," त्या म्हणाल्या.

इन्स्पेक्टर आले ते त्याच आठवड्यात. छत्री, कापडी पिशवी आणि धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग. घसा साफ करून बोलणारे, फार नीटस गृहस्थ. गल्लीतल्या रिकाम्या धोट्यांचे माग त्यांनी भराभर बंद म्हणून लिहिले. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. मला त्या दिवशी सुट्टी होती. अक्कांच्या मागापाशी येऊन ते थांबले. अक्का विणत होत्या. छन्न, छन्न आवाज येत होता. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं.

"बाई, हे काय विणताय?"

"लुगडं. कार्डावर नऊवारी आहे, तर नऊवारीच विणणार."

त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. मी घाबरलो होतो, पण त्या फॉर्मचे रकाने एकेक करून भरायला लागले आणि चमत्कार व्हावा तसं प्रत्येक उत्तर बसत गेलं. माग चालू की बंद? चालू. ताणा? साठ नंबर. बाणा? बावीस नंबर. त्यांनी भिंग लावून खात्री केली. अंगाचा रंग? तांबडा. काठ? मोरपंखी. काठाची रुंदी? चार बोटं. त्यांना एकही खोटा शब्द लिहावा लागला नाही आणि त्यानंच ते जास्त अस्वस्थ झाल्यासारखे दिसत होते. शेवटी त्यांना एक जागा सापडली.

"पदर कुठाय?"

 पदर अजून विणायचा होता आणि त्याला सोनेरी जर हवी होती.

इन्स्पेक्टर म्हणाले, की बिनपदराच्या कापडाला लुगडं लिहिता येत नाही, ते त्यांच्या नियमात बसत नाही. पंधरा दिवसांनी ते पुन्हा येतील. पदर असला तर माग चालू, नसला तर कार्ड रद्द.

सोनेरी रंग कुठून आणायचा यावर आम्ही तिघं दोन दिवस भांडलो. तांब्याचं म्हणणं, पितळ घ्या. मी सांगितलं की पितळ लेथवर लावलं की त्याचे लांब सोल निघत नाहीत, सुया पडतात. मग लोखंडच, पण वेग कमी ठेवून. निळं व्हायच्या आधी ते घटकाभर गव्हाच्या काडीसारखं पिवळं होतं. ते बरोबर साधलं पाहिजे. आणि ज्याला ते साधता आलं असतं तो माणूस ड्रिल मशीनवर भोकं पाडत उभा होता. पाच दिवस गेले, आठ गेले. अक्का मागावर बसायच्या, पण फणी हलायची नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारात सायकल लागली. फोरमन. मला वाटलं, कामावरून काढल्याचं पत्र घेऊन आला. तो माझ्याशी बोललाच नाही. मागापाशी गेला, वाकला, निळ्या काठावरून अंगठा फिरवत हातभर पुढं गेला, आणि मला म्हणाला, की इथून इथपर्यंत तुझ्या हत्याराची धार गेली होती, तुला कळलं नाही. अक्का म्हणाल्या, "मला कळलं होतं. ते मी आतल्या बाजूला घेतलंय." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यानं कॅरिअरवरचं वर्तमानपत्राचं पुडकं आणून सोडलं. आत सोनं होतं. दीड हात लांबीचे, एकसारखे पिवळे, सत्तर-ऐंशी सोल. कंपनीच्या वेळात केलेले नाहीत, जेवणाच्या सुट्टीत केले, हे त्यानं तिघांना वेगवेगळं सांगितलं. जाताना अक्कांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर चोळली. तो तसाच उभा राहिला.

पदर झाला. चौदाव्या दिवशी अक्कांनी लुगडं मागावरून कापून उतरवलं आणि आम्ही ते पुढच्या खोलीत उलगडलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं आपण काय केलंय. आडव्या सगळ्या धाग्यांत तांबं आणि लोखंड. त्यामुळं काठ जमिनीवर टेकवला की लुगडं उभं राहायचं. घडी पडेना, पण उभं राहून पाहिजे तसं वळे. छातीइतकी उंच, नऊ वार लांब भिंत, खाली निळी, वर निळी, मध्ये तांबडी. खोली लहान, म्हणून आम्ही ते गोल गोल वळवत नेलं. शेवटी पदर अगदी मधोमध आला. उन्हाची तिरीप आत पडली आणि सगळ्या खोलीच्या भिंती तांबूस झाल्या. तांबं तोंडाला हात लावून उभा होता. "लई अवघड काम झालं, अक्का," तो म्हणाला. "आता हे कुनाला नेसवायचं?"

इन्स्पेक्टर ठरल्या दिवशी आले. आता लुगडं उभं बघून त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि फॉर्म काढला. लांबी मोजायची होती. कापड उभं, म्हणून ते टेप लावत लावत त्याच्या कडेनं चालायला लागले. एक वळसा, दोन वळसे. आम्हाला त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे फिरताना दिसत होते. मध्यावर पोचल्यावर पदर तपासायला ते खाली वाकले आणि दिसेनासे झाले.

बराच वेळ काही हालचाल नाही. तांबं माझ्याकडे बघायला लागला. सेक्रेटरी दारात उभे होते, त्यांनी "साहेब?" म्हणून हाक मारली. आतून कसलाच आवाज नाही. अक्कांनी सगळ्यांना हातानंच गप्प केलं.

पाच-सात मिनिटांनी आतून शांत आवाज आला, "नऊ वार, दोन इंच." मग ते उठले, आल्या वाटेनं फिरत फिरत बाहेर आले. चेहरा झोपून उठल्यासारखा दिसत होता.

"आत गार आहे," ते म्हणाले.

एकच रकाना उरला होता: वापरण्यायोग्य आहे किंवा नाही. सेक्रेटरी पुढं होऊन काही बोलायला लागले, की साहेब, आता हे नेसणार कोण. इन्स्पेक्टरांनी त्यांना थांबवलं.

"मी वापरून पाहिलं," ते म्हणाले आणि 'योग्य' लिहून सही केली.

कार्ड वाचलं. माझीही नोकरी पक्की झाली, ती कशी हे फोरमनलाच ठाऊक. लुगडं रीतसर सोसायटीच्या नावावर जमा झालं, हातगाडीवर उभंच्या उभं डेपोत गेलं. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी गाडीला नमस्कार केला. गिऱ्हाईक अर्थातच मिळालं नाही. मग मॅनेजरनं ते आपल्या टेबलाभोवती आडोसा म्हणून लावलं. अक्का एकदा जाऊन बघून आल्या आणि फार चिडलेल्या होत्या. वरचा काठ खाली करून उभं केलंय, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जाऊन ते सुलटं करून आलो. मॅनेजर आत बसून चहा पीत होता, त्याला आम्ही उठू दिलं नाही, त्याच्याभोवतीच फिरवलं.

दोन महिन्यांनी सूत आलं. चांगलं, पांढरं, मऊ, हवं तेवढं. अक्कांनी ट्यूबच्या अंगठ्या काढून फळीवर ठेवल्या आणि पुन्हा सुती लुगडी विणायला बसल्या. गल्लीतल्या आवाजात त्यांचा आवाज पहिल्यासारखा मिसळून गेला. मी त्यानंतर दोन वर्षांहून जास्त तिथं राहिलो, पुढं लग्न झालं, दुसरीकडे घर केलं.

त्या काळात मी एक गोष्ट रोज नाही, पण लुगडं उतरायच्या प्रत्येक दिवशी पाहिली. अक्का ते मागावरून कापायच्या, पुढच्या खोलीत आणायच्या, त्याचा काठ जमिनीला टेकवायच्या आणि वरचा काठ दोन्ही हातांनी धरून ताठ उभ्या राहायच्या. थोडा वेळ तशाच. मग हळूच, एकेक बोट करून हात सोडायच्या. लुगडं खाली बसायचं. त्या त्याच्याकडे बघायच्या, "बरं," म्हणायच्या, आणि घडी घालायला लागायच्या.